एसडीएनचे प्रमाणपत्र आणि त्यातील दहा टक्के

संगणकजाळ्यातील राउटर आणि स्विच ही उपकरणे वर्षानुवर्षे दोन निराळी कामे एकाच पेटीत करत आली आहेत : माहितीच्या पॅकेटने कोणत्या वाटेने जावे हे ठरवणे आणि ठरलेल्या वाटेने ते पुढे सरकवणे. पहिल्या कामाला कंट्रोल प्लेन आणि दुसऱ्याला डेटा प्लेन म्हणतात. यांपैकी निर्णयाचे काम कंट्रोलर नावाच्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे सोपवावे व उपकरणांकडे केवळ अंमलबजावणी ठेवावी, या विचारावर सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजेच एसडीएन, उभे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक मॅकिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ओपनफ्लो, म्हणजे कंट्रोलरने स्विचशी बोलण्याची ठरावीक भाषा, मांडली, तेव्हा विद्यापीठाच्या चालू जाळ्यातच संशोधकांना नवे प्रयोग करता यावेत एवढाच माफक हेतू त्यामागे होता. पुढे २०१३ मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या ‘बी-फोर’ जाळ्याचे तपशील प्रसिद्ध केले आणि एरवी सरासरी तीस-चाळीस टक्केच वापरात राहणाऱ्या लांब पल्ल्याच्या जोडण्या या पद्धतीने जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरता येतात, हे दाखवून दिले.

या विद्येचे प्रमाणपत्र मिळवू पाहणारा उमेदवार बहुधा सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेपासून सुरुवात करतो. १२० मिनिटांच्या या परीक्षेला पूर्वअट नाही आणि तिचे प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य असते. फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेल्या तिच्या अभ्यासक्रमात कंट्रोलर, त्याच्याशी संवाद साधणारे एपीआय, माहिती मांडण्याची जेसन ही पद्धत आणि स्वयंचलन या साऱ्यांना मिळून भार आहे तो अवघा दहा टक्के. उरलेले नव्वद टक्के आयपी पत्ते, स्विचिंग, राउटिंग, सुरक्षा अशा जुन्याच विषयांचे आहेत.

नव्याच्या ओढीने आलेल्याला हे प्रमाण खटकते, परंतु ते योग्यच आहे. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेले स्वतंत्र कप्पे, यांची वापरण्याजोगी संख्या ४,०९४ वर थांबते, कारण त्यांचा क्रमांक बारा बिटांचा असतो. व्हीएक्सलॅन या पद्धतीत तो चोवीस बिटांचा केल्यामुळे ही मर्यादा सुमारे १ कोटी ६७ लाखांपर्यंत जाते. मात्र हे आभासी जाळे, ज्याला ओव्हरले म्हणतात, ज्या खऱ्या जाळ्यावरून वाहते, त्या अंडरलेमध्ये बहुधा ओएसपीएफसारखे जुने राउटिंग प्रोटोकॉलच चालू असतात. कंट्रोलरच्या पडद्यावर सर्व काही हिरवे दिसत असताना खालची एखादी जोडणी पॅकेट गाळत असेल, तर दोष हुडकण्यासाठी लागणारे ज्ञान त्या नव्वद टक्क्यांतले असते.

सराव मात्र स्वस्त झाला आहे. मिनिनेट या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने साध्या लॅपटॉपवर अनेक आभासी स्विचांचे जाळे उभारून कंट्रोलरने पाठवलेले नियम प्रत्यक्ष पाहता येतात. केवळ प्रश्नसंच घोकणाऱ्याच्या हाती हे लागत नाही.

२०२० च्या अभ्यासक्रमात जाळ्याची मांडणी स्वयंचलित करणाऱ्या साधनांमध्ये पपेट, शेफ आणि अँसिबल यांची नावे होती. २०२४ च्या सुधारणेत पहिली दोन गळाली आणि टेराफॉर्म आले. व्हीलॅन आणि ओएसपीएफ मात्र आपापल्या जागी तसेच राहिले.