‘ईझी’ शब्दाची कुळकथा

इंग्रजीच्या तासाला भाषांतर चाललें असतां एका विद्यार्थ्यानें ‘ईझी’ शब्द असलेलें एक वाक्य “त्याचें मन सोपें नव्हतें” असें मराठींत उतरविलें. वर्ग हंसला, आम्हांसहि हसूं आवरलें नाहीं. घरीं आल्यावर मात्र दोष आमचाच वाटूं लागला. ‘ईझी’ म्हणजे ‘सोपें’, एवढेंच आम्हीं त्यास पढविलें होतें.

हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. सोपें ह्या अर्थीं त्यांचा स्वतःचा जुना शब्द होता. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, दरबारीं फ्रेंच भाषा आली, आणि आपल्याकडे फारसी शब्द रुळले तसा हा फ्रेंच शब्द तेथें रुळून जुना मागें पडला. फ्रेंचांत त्याचा अर्थ आराम, मोकळीक, सोय. पुष्कळ पंडित त्याचें मूळ लॅटिन भाषेंत दाखवितात, व तेथें अर्थ होतो ‘जवळ असलेलें’. भूमितींत लगतच्या कोनास ‘अ‍ॅडजेसंट’ म्हणतात, तो शब्दहि त्याच मुळाचा. जें हाताशीं तें सोयीचें, सोयीचें तें सुखाचें, व सुखानें होईल तें सोपें, अशी ही अर्थाची वाट आहे. ‘डिझीझ’ म्हणजे रोग; त्यांतहि हाच शब्द दडला आहे. सुख हरपलें तो रोग! आपल्या ‘अस्वस्थ’ शब्दाशीं ताडून पाहावें.

सातारा-सांगलीकडील जुन्या घरांत शिरतांच लागणाऱ्या मोकळ्या जागेस सोपा म्हणतात. ‘सोपें’शीं त्याचें नातें आहे असें आम्ही म्हणत नाहीं, पण जवळची, ऐसपैस जागा म्हटली कीं आम्हांस तोच आठवतो.

“हें गणित तर अगदीं ईझी!” असें आम्ही शिक्षक सहज बोलून जातों, पालकहि बोलतात. ज्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे, शिकलेला वडील भाऊ आहे, त्याच्या तें हाताशींच असतें. लांबच्या खेड्यांतून पायीं येणारा, घरीं विचारावयास कोणी नसलेला मुलगा तेंच ऐकून मान खालीं घालतो. त्याची बुद्धि उणी नसते. त्याला अंतर अधिक असतें. ती खालीं गेलेली मान आम्हीं पाहिली आहे, आणि तेव्हांपासून हा शब्द वर्गांत उच्चारतांना जीभ अडखळते.

दुसरे दिवशीं आम्हीं फळ्यावर लिहिलें: “त्याचें मन स्वस्थ नव्हतें.” त्या मुलानें तें वहींत उतरून घेतलें.