गुलाबी मिल्कशेक आणि आईची गाडी

कूलंटच्या बाटलीत मला जे पहिल्यांदा दिसलं, ते बघून खरं तर भूक लागली होती. फिकट गुलाबी, घट्ट, वर फेस. डिट्टो स्ट्रॉबेरी मिल्कशेक! मला वाटलं, कूलंट गुलाबीच असतं की. बाटलीतली पातळी कमी वाटली म्हणून नळाचं तांब्याभर पाणी ओतलं, बोनेट आपटलं आणि कॉलेजला पळाले. घरी कुणाला काही बोलले नाही.

गाडी आईची. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला क्लच दाबता येत नाही. वर्षभर ती रिक्षा आणि बाबांची सवड यांच्या भरवशावर होती. मग एफडी मोडून घरात नऊ वर्षं जुनी ऑटोमॅटिक आली. त्या दिवशी आई कुणालाही न घेता एकटीच चक्कर मारून आली होती. म्हणजे ही गाडी आमच्याकडे काय आहे, ते कळलं असेल.

पाणी ओतल्याच्या चौथ्या दिवशी कात्रजचा घाट चढताना गाडी थरथरायला लागली. "रंबल स्ट्रिपवरून चालल्यासारखं वाटत होतं, पण रस्ता तर गुळगुळीत," आई सांगत होती. तिने गाडी कडेला घेतली आणि आमच्या गॅरेजवाल्या काकांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "वहिनी, कूलंटच्या बाटलीत काय दिसतंय?" उत्तर ऐकल्यावर म्हणाले, "चावी काढा. आता इंजिन चालू करायचं नाही. गाडी उचलूनच आणू."

तेल तिथे गेलंच कसं?

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. काकांनी एक जुना कापलेला रेडिएटर दाखवला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल खूप तापतं, म्हणून ते थंड करावं लागतं. बऱ्याच गाड्यांमध्ये त्यासाठी रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर बसवलेला असतो. त्याच्या आत गिअरबॉक्सचं तेल, बाहेर इंजिनचं कूलंट आणि मधे धातूची एक पातळ भिंत. ती भिंत गंजली किंवा तडकली की दोन्ही एकमेकांत मिसळायला लागतात.

इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त असतो, म्हणून तेल कूलंटमध्ये घुसतं. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, पण तापलेल्या कूलंटचा दाब काही वेळ टिकून राहतो. मग कूलंट उलट गिअरबॉक्सकडे निघतं. "बाटलीतला मिल्कशेक ही फक्त चिठ्ठी आहे," काका म्हणाले, "नुकसान आत होतं." गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल लागलं की ते अस्तर फुगतं, त्याचा गोंद सुटतो. घाटातली थरथर तिथूनच आली होती.

काकांचं डिटेक्टिव्ह काम

काकांनी थेट रेडिएटर बदला असं सांगितलं नाही. एकेक शक्यता बाद करत गेले.

आधी रंग. कूलंट हिरवं, निळं, गुलाबी कसलंही असू शकतं, पण चांगलं कूलंट सरबतासारखं पारदर्शक असतं. आमचं गढूळ आणि बोटाला चिकटणारं होतं. मग इंजिन ऑइलची डिपस्टिक. हेड गॅस्केट गेलं तर इंजिन ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसू शकतं, कूलंटमध्येही तपकिरी साका जमू शकतो. आमचं इंजिन ऑइल स्वच्छ होतं.

मग गिअरबॉक्सचं थोडं तेल काढलं. चांगलं तेल लाल आणि आरपार दिसणारं असतं. आमचं धुरकट. त्याचा एक थेंब काकांनी तापलेल्या पत्र्यावर टाकला. फोडणीसारखं तडतडलं! नुसतं तेल तडतडत नाही, तडतडतं ते पाणी.

शेवटी पक्का पुरावा. कूलरला जाणारे दोन्ही पाइप सोडले, रेडिएटर पाण्याने भरला, कूलरचं एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्यातून कमी दाबाने हवा सोडली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. केस सॉल्व्ह्ड. (एक सूचना : इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी अंगावर येतं.)

फक्त रेडिएटर बदलून भागत नाही

रेडिएटर नवाच बसवला. पण खरी मेहनत पुढे होती. गिअरबॉक्सचं तेल खालून सोडलं की सगळं येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून काढा, भरा, थोडा वेळ चालवा, पुन्हा काढा, असं तीनदा केलं. थेंब तडतडायचा थांबला तेव्हाच काका थांबले. फिल्टरही बदलला. कूलंटचा सगळा मार्ग क्लीनर टाकून परत परत धुतला. तेलाने रबर फुगतं, त्यामुळे होज पाइप नवे घातले, थर्मोस्टॅटही. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

नळाचं पाणी का नाही? त्यातल्या क्षारांचा थर बसतो. शिवाय नुसतं पाणी ओतत गेलं की कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होतात. आधीच्या मालकाने बहुतेक तेच केलं असावं. आणि शेवटचा तांब्या माझा.

हे फक्त आमच्याच नशिबी आलं असं नाही. अमेरिकेत निसानच्या २००५ ते २०१० मधल्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्यांमध्ये हा प्रकार इतका गाजला, की मालकांनी त्याला 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' असंच नाव पाडलं. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली.

सेकंडहँड ऑटोमॅटिक बघायला जाताय?

- इंजिन थंड असताना बोनेट उघडा. कूलंट आरपार दिसतंय का बघा.
- कूलंट शेवटचं कधी बदललं, ते बिलासकट विचारा.
- चढावर, मध्यम वेगाने चालवून बघा. थरथर जाणवली तर पुढचं बोलणं गॅरेजमध्ये.
- एएमटी गाडीत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, तिथे हा कूलर नसतो. म्हणजे 'ऑटोमॅटिक' नक्की कुठली, ते आधी विचारा.
- जुन्या गाडीत तेलासाठी रेडिएटरबाहेर वेगळा कूलर बसवता येतो. मेकॅनिकशी बोला.

गाडी घरी आली. थरथर सध्या नाही. "प्लेटा वाचल्यात असं वाटतंय, पण लगेच पार्टी करू नका," काका म्हणाले. हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा तपासायचंय. गिअरबॉक्स उघडावा लागला असता, तर गाडी विकणंच परवडलं असतं.

त्या रात्री मी आईला तांब्याचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं, तेव्हाच सांगायचं ना. पाण्याचं काही नाही, पण ते चार दिवस मी गाडी चालवत होते." होज पाइपचे पैसे मी माझ्या स्टायपेंडमधून दिले. ते काही फार नव्हते. दर रविवारी सकाळी मात्र आता आम्ही दोघी बोनेट उघडतो, आणि बाटलीत काय दिसतं ते मी मोठ्याने सांगते.