आणखी एक पदवी घ्यावी काय?



आजचा विषय तसा घरगुतीच आहे. एम. ए. किंवा एम. एस्सी. होऊन एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या तरुण अध्यापकाच्या मनात एक प्रश्न सारखा घोळत असतो : पुढे जावयाचे तर आणखी एक पदवी घ्यावी काय? घ्यावी तर कोणती? दुसरे एम. ए., एम. एड., की पीएच. डी.? आणि तिच्यापायी आयुष्याची किती वर्षे खर्ची घालावी? आमच्या हरिहरेश्वरासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच अवघड होतो. कारण विद्यापीठ मुंबईस, घर समुद्रकाठी, आणि दोहोंच्या मध्ये घाटवळणांचा लांबलचक रस्ता.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. तेव्हा पदव्यांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच की, मास्तराने शिकवून पुढे धाडलेली मुले मोठी झाली म्हणजे हाच प्रश्न घेऊन त्याच्याकडे परत येतात, आणि त्यांच्या निमित्ताने त्यालाही नियमांची पुस्तके चाळावी लागतात.

प्रथम नियमच पाहू. या बाबतीत ऐकीव माहितीचा सुळसुळाट फार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली जी नियमावली केली, तीत असे म्हटले होते की, १ जुलै २०२१ पासून विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी पीएच. डी. आवश्यक राहील. ही मुदत पुढे २०२३ पर्यंत लांबविण्यात आली आणि ३० जून २०२३ च्या दुरुस्तीने ती अटच काढून टाकण्यात आली. म्हणजे प्रवेशद्वारी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट इतकेच पुरे ठरले, पीएच. डी. ऐच्छिक झाली. हे ऐकून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु तो जरा घाईनेच टाकला, असे मला वाटते.

कारण असे की, त्याच २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीस कोणाला बोलवावयाचे हे ठरविण्यासाठी गुणांचा एक तक्ता जोडलेला आहे. महाविद्यालयातील जागेसाठी त्यात पीएच. डी.ला २५ गुण, नेटला ८ आणि सेटला ५ गुण आहेत. विद्यापीठातील जागेसाठी पीएच. डी.ला ३० गुण आहेत. एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो तेव्हा ऐच्छिक म्हटलेली ही पदवीच चाळणीचे काम करते. दार उघडे आहे हे खरे, पण रांगेत पुढे कोण उभा राहणार हे मात्र तिच्यावरून ठरते. पुढच्या पायऱ्यांचेही तसेच. सहायक प्राध्यापकाला पहिली बढती पीएच. डी. असल्यास चार वर्षांनी, एम. फिल. असल्यास पाच वर्षांनी आणि केवळ पदव्युत्तर पदवी असल्यास सहा वर्षांनी मिळू शकते. आणि सहयोगी प्राध्यापक होण्यास तर पीएच. डी.वाचून मार्गच नाही. एम. फिल. ही पदवी २०२२ च्या नियमांनी बंद झाली. ज्यांनी ती पूर्वी मिळविली त्यांची ती कायम आहे, पण नव्याने तिच्या वाटेस कोणी जाऊ नये.

आता दुसऱ्या एम. ए.चे काय? या सर्व तक्त्यांत दुसऱ्या पदव्युत्तर पदवीसाठी स्वतंत्र गुण कोठेही नाहीत. ज्याला विषयच बदलावयाचा आहे, इतिहास सोडून अर्थशास्त्राकडे वळावयाचे आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. कारण नेटची परीक्षाही सामान्यतः आपल्या पदव्युत्तर विषयातच द्यावी लागते. ज्ञानाच्या आवडीने घेणाऱ्यासही कोणी अडवू नये. पण बढतीच्या आशेने दुसरे एम. ए. करणे म्हणजे एकाच पायरीवर दोनदा पाय ठेवणे होय. एम. एड. ही पदवी शिक्षणशास्त्र महाविद्यालयात जाणाऱ्याच्या कामाची. मराठी किंवा रसायनशास्त्र शिकविणाऱ्यास तिचा या शिडीवर उपयोग नाही.

पदवीसाठी नोकरी सोडावी काय, हा याच प्रश्नाचा दुसरा पोटभाग. येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण लोक फार वेळा देतात, पण अर्धेच देतात. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले व तेथे अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांनी सुरू केला. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकाची जागा मिळाली, आता पुरे, असे त्यांनी म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन, १९२० मध्ये ती जागा सोडून ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी प्रथम जसाचा तसा स्वीकारला नाही. तो सुधारून पुन्हा सादर करावा लागला. रुपयाच्या प्रश्नावरील तो ग्रंथ १९२३ मध्येच प्रसिद्ध झाला.

कोलंबियाची पीएच. डी. तर त्यांना १९२७ साली मिळाली. तेथे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्यावाचून पदवी हाती पडत नसे. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला होता. ज्या वर्षी ही पदवी मिळाली त्याच वर्षी मार्चच्या २० तारखेला महाडचे चवदार तळे त्यांनी खुले केले. महाडावरून वाहत येणारी सावित्री आमच्या हरिहरेश्वरापाशीच समुद्राला मिळते, म्हणून ही तारीख आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या अधिक लक्षात राहते.

या चरित्रातून ‘नोकरी सोडा’ असा सल्ला काढणे मला चुकीचे वाटते. त्यांनी नोकरी सोडली ती अर्धवट राहिलेले काम पुरे करण्यासाठी. विषय ठरलेला होता, विद्यापीठाने परत येण्यास मुभा दिलेली होती आणि पैशाची जुळणी आधी केलेली होती. या तीनपैकी एकही गोष्ट हाती नसता हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे निराळे.

आणि आज नोकरी सोडण्याची तितकी गरजही उरलेली नाही. २०२२ च्या पीएच. डी. नियमांप्रमाणे, मालकसंस्थेचे ना-हरकत पत्र असल्यास अंशकालीन पद्धतीने संशोधन करता येते. पदवीस कमीतकमी तीन आणि सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे; त्यापुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. आमच्या शाळेतून शिकून गेलेली, तासिकांवर काम करणारी, लहान मूल असलेली एक मुलगी मजकडे आली असता तिच्या सासरच्या मंडळींना मी हेच कलम वाचून दाखविले. सहा वर्षांत कसे होणार, ही त्यांची धास्ती होती. आकडा दहापर्यंत जाऊ शकतो हे कळल्यावर निदान बोलणे तरी सुरू झाले. मात्र घरबसल्या टपालाने किंवा दूरस्थ पद्धतीने पीएच. डी. मिळवून देतो असे कोणी म्हणेल, तर तेथे एक पैसाही भरू नये. नियमात तिला जागा नाही.

ज्यांचे वय लहान आहे त्यांनी पैशाचा विचार निराळ्या रीतीने करावा. नेटमध्ये वरचा क्रमांक लागून संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. परंतु तिला वयाची मर्यादा आहे : सर्वसाधारण उमेदवारास तीस वर्षे, स्त्रियांना व राखीव प्रवर्गांना पाच वर्षे अधिक. आमच्याकडे देवाच्या डोंगराची प्रदक्षिणा करावयाची तर ओहोटीची वेळ साधून खडकावर उतरावे लागते. भरती आल्यावर तीच वाट पाण्याखाली जाते. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे.

पदवीवाचून विद्वत्ता नाही, असे मात्र कोणी समजू नये. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९२९ चे बी. एस्सी. पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती; १९६२ पर्यंत ते शाळामास्तरच राहिले. तरी ६१७४ हा अंक त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरते व चढते मांडून वजाबाकी करीत जा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तेथून पुढे पुन्हा ६१७४ च. मुलांना हे करून दाखविले म्हणजे वर्ग कसा खुलतो हे मी अनेकदा पाहिले आहे. परंतु कापरेकरांना या कीर्तीने बढती दिली नाही, हेही ध्यानात ठेवावे. विद्येचा आनंद आणि नोकरीची शिडी यांचे हिशेब निरनिराळ्या वह्यांत लिहावे लागतात.

निर्णय झाला तर विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक नीट पाहावा. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्यांच्याकडून पदवी घेऊन किती जण बाहेर पडले, किती वर्षांत, आणि मध्येच सोडून किती गेले, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटून विचारावे. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नये. प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे अशी सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नेमणुकांच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला होता; तेव्हा अर्ज करतेवेळी त्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे आयोगाच्या मूळ पत्रकावरून पडताळून घ्यावे. आणि ज्यांची नेट किंवा सेट अद्याप राहिली आहे, त्यांनी प्रथम ती उरकावी. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच. डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात, म्हणजे एका अभ्यासात दोन कामे होतात. सेट मात्र ज्या राज्याची त्याच राज्यापुरती चालते. महाराष्ट्र व गोवा यांची सेट पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते.