कॅमेरा बदलावा केव्हा?

सांप्रत आपल्या बहुतेक घरांत छायाचित्रणाचा छंद शिरला आहे. मोबाइल हाती आल्यापासून तर शाळकरी मुलेही छायाचित्रकार झाली आहेत. त्यांतील काहींना पुढे खरीच गोडी लागते, काही त्यास उपजीविकेचे साधन करतात, आणि मग एके दिवशी घरात तो प्रश्न उभा राहतो : ‘अधिक चांगला कॅमेरा घ्यावयाचा आहे, पैसे द्या.’ वडीलधारी मंडळी म्हणतात, फोटो कॅमेरा काढीत नाही, माणूस काढतो. मुले म्हणतात, या कॅमेऱ्यात आता काही उरले नाही. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात गेले. छायाचित्रणकलेविषयी अधिकारवाणीने बोलण्याची त्याची योग्यता नाही. परंतु भांडवल कोठे घालावे व कोठे घालू नये, याचा विचार हा आपला नित्याचाच धंदा असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. पूर्वी गव्हाचा ओलावा दाताखाली दाणा फोडून पाहत. आता ओलावा मोजण्याचे यंत्र आले आहे. दातास ‘कोरडा’ की ‘दमट’ एवढेच कळे. यंत्र शेकडा किती, तो आकडा सांगते, आणि सौद्यात आकड्याला भांडण नसते. तेव्हा यंत्राने काही होत नाही असे म्हणणाऱ्या वृद्ध व्यापाऱ्याशी मी सहमत नाही. मात्र परखी पोत्यात कोठे खुपसावी, वरची चांगली वानगी पाहून न भुलता तळचा माल केव्हा काढून पाहावा, हे त्या यंत्रास ठाऊक नसते. कॅमेऱ्याची गोष्टही थोडीफार अशीच आहे. तथापि ‘थोडीफार’ म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नव्हे, कारण येथे लाख-दीड लाखाची रक्कम गुंतते.

उज्जैनहून इंदूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तेथे १८६६ साली सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत एक तरुण नोकरीस लागला. मेरठजवळील सरधना गावच्या जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबातील हे लाला दीनदयाळ. रूरकीच्या महाविद्यालयात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण सुरू केले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची जी चित्रे घेतली, ती १८८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नंतर हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. इमारतीचे मोजमाप व नकाशा हाच ज्याचा रोजचा व्यवसाय, त्याने मंदिराकडे कॅमेरा रोखला, तेव्हा कोणता कोन दाखवावा व सावली कोठे पडू द्यावी हे त्याला शिकवावे लागले नसणार. नजर आधी तयार होती, असे माझे मत आहे.

परंतु त्याच काळातील साधनांची कथा दुसरी बाजूही सांगते. १८७४ साली सर्वत्र ओल्या काचपट्टीची रीत होती. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी धुऊन काढावयाचे. म्हणजे मंदिराच्या शेजारी काळोखी तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी व हमाल, एवढा सरंजाम आलाच. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तंबूची गरज संपली. पूर्वी चित्रास सेकंदांचा काळ लागे, तेथे आता सेकंदाचा अंश पुरू लागला. चालत्या माणसाचे व हलत्या झेंड्याचे चित्र घेणे यामुळेच शक्य झाले. ही सुधारणा केवळ सोयीची नव्हती, जे चित्र पूर्वी निघतच नव्हते ते त्यामुळे निघू लागले. (जाता जाता : या कोरड्या काचांवर व पुढे फिल्मवर चांदीचे क्षार ज्या जिलेटिनात बसवीत, ते जनावरांची हाडे व कातडी यांपासून करीत. आजच्या अंकीय कॅमेऱ्यात त्या लेपाची गरज उरली नाही. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही सुधारणा लहान नव्हे.)

आता आपली मायबोली ज्या प्रांताची, तिकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. १८९० मध्ये त्यांनी स्थिरचित्रांचा कॅमेरा घेतला. गोध्रा येथे छायाचित्रांचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात काही काळ नोकरी केली, छपाई व ठसे यांचेही काम केले. एवढा वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असता त्यांनी मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या देवदेवतांची अशी हलती चित्रे झाली पाहिजेत हा ध्यास घेतला. त्यांच्या गरजेचे स्वरूप येथे ध्यानात घ्यावे. कितीही किमतीचा स्थिरचित्रांचा कॅमेरा आणला असता, तरी त्यातून हलते चित्र निघाले नसते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवावयाचा कॅमेरा घेतला, फिल्म व तिच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि एप्रिलमध्ये ते परत आले.

पुढचा भाग व्यापाऱ्याने विशेष लक्षपूर्वक वाचावा. भांडवल उभे करावयाचे होते, आणि भांडवलदारास नुसता कॅमेरा दाखवून पैसा मिळत नाही. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले व तिच्यासमोर कॅमेरा रोवला. महिनाभराहून अधिक काळ ते त्या कुंडीची ठरावीक अंतराने थोडी थोडी चित्रे घेत राहिले. ती फिल्म पडद्यावर चालविली, तेव्हा जेमतेम मिनिटभरात बी फुटले, अंकुर वर आला आणि वेल वाढला. धान्याचे दाणे आपण जन्मभर हाताळतो, पण दाणा उगवताना पाहण्याचा योग आपणांपैकी कितीजणांस आला असेल? ‘अंकुराची वाढ’ पाहून कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटासाठी सरस्वतीबाईंनी अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही केले.

येथे पन्नास पौंडांचा कॅमेरा अवश्य होता काय? होता. एका फिल्मवर ओळीने चित्रे घेण्याची सोय त्याच्यावाचून नव्हती. पण वाटाणा पेरण्याची कल्पना त्या पेटीत बांधून आलेली नव्हती. धनकोने जे तारण मानले ते कॅमेऱ्यातून निघालेले काम होते, कॅमेरा नव्हे.

यापूर्वी, गेल्या शतकाच्या अगदी आरंभी व त्याच्या थोडे आधी, मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीही एकवीस गिनी देऊन असाच कॅमेरा विलायतेहून मागविला होता. त्यांनी १८९९ साली कुस्ती चित्रित केली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे यांचा सत्कार. यंत्राची जात एक, त्याच्याकडून काढलेले काम निराळे. आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांची तऱ्हा तर याहून न्यारी. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुने प्रक्षेपणयंत्र खोलून त्याची रचना समजून घेतली आणि विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेराच तयार केला. १९२० सालचा ‘सैरंध्री’ त्यातून निघाला. असे हात सर्वांस लाभत नाहीत, म्हणून आपणांस दुकानातच जावे लागते.

दुकानात गेल्यावर पहिला आकडा कानी पडतो तो मेगापिक्सेलचा. या आकड्याची फोड करून पाहावी. आल्बमात लावावयाचे ८ × १२ इंचांचे चित्र उत्तम छापण्यास दर इंची ३०० ठिपके पुरतात. म्हणजे २,४०० गुणिले ३,६००, अर्थात ८६ लाख ४० हजार ठिपके, नऊ मेगापिक्सेलांच्याही आत. मग चोवीसचा कॅमेरा असताना अठ्ठेचाळीसचा कशास? शिवाय चोवीसचे अठ्ठेचाळीस झाले तरी चित्राची लांबी दुप्पट होत नाही, १.४ पटच होते. पोत्यांची संख्या वाढली म्हणून वजन वाढले असे नव्हे, हे आपणांस कोणी सांगावयास नको.

आमच्या परिचयातील एक तरुण विवाहसमारंभांची चित्रे घेतो. गेल्या वर्षी मोठ्या सेन्सरचा नवा कॅमेरा घेण्यासाठी त्याने दीड लाख रुपये उसने मागितले. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी आलेली प्रकाश टिपणारी पट्टी. त्यास म्हटले, “बाळ, पैशाचे पाहू. आधी एक वही घाल. महिनाभर जे जे चित्र बिघडेल, ते कशाने बिघडले याची नोंद कर.” मुलगा चांगल्या वळणाचा, त्याने वही इमानाने लिहिली. निम्म्याहून अधिक नोंदींत कॅमेऱ्याचा संबंधच नव्हता. कोठे मागे पाण्याचे पिंप आले होते, कोठे वधूपित्याचे डोळे पाणावले तो क्षण निसटला होता, कोठे छायाचित्रकारच चुकीच्या बाजूस उभा होता. पण उरलेल्या नोंदींचे कारण एकच होते : रात्री मांडवात उजेड अपुरा पडतो, चित्र हलते किंवा त्यावर वाळू पसरल्यासारखे कण दिसतात. ही तक्रार खरी होती व ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. वरमाला दुसऱ्यांदा घालता येत नाही.

मग हिशेब केला. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर, नव्याचा ३६ × २४ म्हणजे ८६४. प्रकाश टिपण्याचे क्षेत्र २.३५ पट वाढणार, किंमत दीड लाख. दुसरीकडे, कॅमेऱ्याबरोबर आलेले त्याचे भिंग पुढे ओढले की त्याचे तोंड ५.६ पर्यंतच उघडे. पन्नास मिलिमीटरचे १.८ पर्यंत उघडणारे भिंग त्याच जुन्या कॅमेऱ्यास बसते. या आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला असता प्रकाश साडेनऊ पटींहून अधिक येतो. किंमत दहा-पंधरा हजारांच्या घरात. मुलास हे कागदावर पटेना, म्हणून त्याने एका स्नेह्याकडून तसे भिंग मागून आणले व आम्ही संध्याकाळी फ्रीगंजात टावर चौकात गेलो.

दिवे लागले होते. घड्याळाचा मनोरा वर अंधारात, खाली खाद्यपदार्थांच्या गाड्यांचा उजेड व फिरावयास आलेली मंडळी. एका कणीसवाल्याच्या परवानगीने त्याच्या शेगडीपाशी उभे राहून चित्रे घेतली. हात हलू नये म्हणून वेग सेकंदाचा साठावा भाग. जुन्या भिंगाने संवेदनशीलतेचा आकडा ६,४०० पर्यंत न्यावा लागला आणि चेहऱ्यावर कण उमटले. मागून आणलेल्या भिंगाने ६४० वर काम भागले. कणीसवाल्याच्या कपाळावरील घाम व निखाऱ्याची तांबूस झाक, दोन्ही आली. मात्र दोषही तेथेच दिसला. तोंड इतके उघडले असता स्पष्टतेची खोली फार थोडी राहते. कणीस स्पष्ट आले तर चेहरा धूसर, चेहरा स्पष्ट तर कणीस धूसर. आणि मनोऱ्यासह साऱ्या चौकाचे चित्र त्या भिंगात मावेचना. त्यासाठी जुनेच पुन्हा चढवावे लागले.

एक मुद्दा मुलाने मांडला तो मला तत्काळ मान्य झाला. त्याच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसते. ते कार्ड ऐनवेळी बिघडले तर कोणाच्या तरी घरचे अख्खे लग्न गेले. नव्यात दोन कार्डे एकाच वेळी लिहिली जातात. आपण रोजमेळाची नक्कल ठेवतो ती याच भीतीने. सुंदर चित्रासाठी नव्हे, पण या एका कारणासाठी धंदेवाईक माणसाने कॅमेरा बदलणे योग्यच आहे. हौशी माणसास ते कारण लागू नाही.

तेव्हा भिंग व एक बाहेरचा फ्लॅश यांपुरती रक्कम त्यास लगेच दिली. कॅमेऱ्याची रक्कम अक्षय्य तृतीयेच्या हंगामाची कमाई हाती आल्यावर, निम्मी त्याची व निम्मी उसनी, असे ठरले. वही मात्र त्याने आपणहून चालू ठेवली आहे. परवा ती चाळली. अंधाराच्या खात्यावर आता क्वचितच नोंद पडते. सर्वांत अधिक नोंदी ‘जोडप्यातील एक स्पष्ट, दुसरे धूसर’ या नव्या खात्यावर आहेत.