विमानस्थित प्रतिमादर्शी रडारचे अंशन

विमानातून घेतलेली रडारप्रतिमा छायाचित्रासारखी दिसते. परंतु तिच्यातील प्रत्येक बिंदूची तेजस्विता हे वस्तुतः एक मापन असते. ते भूपृष्ठाच्या गुणधर्माचे की उपकरणातील चढउतारांचे, हे ठरविण्याची क्रिया म्हणजे कॅलिब्रेशन अर्थात अंशन. त्याची उपेक्षा झाल्यास दोन वर्षांच्या प्रतिमांतील फरक वृक्षतोडीमुळे पडला की प्रवर्धकाचा लाभांक बदलल्यामुळे, हे सांगता येत नाही. १ डेसिबेलची चूक म्हणजे शक्तीच्या मापनात सुमारे २६ टक्क्यांची चूक होय. वनांतील जैवभाराचा अंदाज कोलमडण्यास ती पुरेशी आहे.

कॅलिफोर्नियातील रोझामंड या कोरड्या सरोवराच्या पात्रात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने याच कामासाठी कोपरा-परावर्तक मांडले आहेत. परस्परांशी काटकोनात जोडलेल्या तीन त्रिकोणी धातुपत्र्यांवर पडलेला तरंग तीनदा परावर्तित होऊन आल्या दिशेनेच परततो. त्यामुळे परावर्तकाची दिशा थोडी चुकली तरी निभावते. पत्र्यांमधील काटकोन मात्र ढळता कामा नये. त्याचा रडार-छेद आतील बाजूच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात आणि तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बाजू २.४ मीटर आणि यूएव्हीसार या विमानस्थित रडारची सुमारे २३.८ सेंमी. तरंगलांबी घेतल्यास हा छेद सुमारे २,४५० चौ. मी. येतो. गुळगुळीत पात्र स्वतः फारच थोडी शक्ती परत पाठविते, म्हणून त्या काळ्या पार्श्वभूमीवर परावर्तकाचा ठिपका उठून दिसतो. मोजलेल्या व गणिताने काढलेल्या मूल्यांची तुलना केली की अंशनाचा स्थिरांक मिळतो.

तथापि एका परावर्तकावर विसंबता येत नाही. उपग्रहाच्या मानाने विमान फार खालून उडते. साहजिकच पट्ट्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दृष्टिकोन सुमारे २५ अंशांपासून ६५ अंशांपर्यंत बदलतो. त्यात विमान वाऱ्याने कलते व अँटेनाचा झोत सरकतो. म्हणून परावर्तकांची ओळ पट्ट्याच्या आडवी मांडतात आणि कलाची नोंद गणनेत घेतात.

ध्रुवणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हा परावर्तक आडव्या व उभ्या ध्रुवणाला सारखाच प्रतिसाद देतो. त्यामुळे त्या दोन मार्गिकांच्या परमप्रसरातील व कलेतील तफावत तत्काळ उघड होते. आडवे पाठवून उभे ग्रहण करणाऱ्या मार्गिकेत मात्र तो जवळजवळ मूक असतो. तिच्यासाठी अरण्यासारख्या विस्तृत नैसर्गिक पृष्ठाचा आधार घ्यावा लागतो: तेथे आडवे-उभे व उभे-आडवे हे दोन्ही प्रतिसाद व्युत्क्रमतेच्या तत्त्वानुसार समान असले पाहिजेत.