हेल काउंटीत ठाण मांडून बसलेली शाळा

अमेरिकेत वास्तुकलेच्या शिक्षणाचा गेल्या तीन दशकांतला सर्वांत धाडसी प्रयोग अलाबामा राज्यातल्या न्यूबर्न नावाच्या गावात झाला. गावाची वस्ती दोनशेही नाही. ऑबर्न विद्यापीठाचे सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी १९९३ साली तिथे ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. विद्यापीठ तिथून मोटारीने जवळपास तीन तासांवर. विद्यार्थ्यांनी तिथेच मुक्काम करायचा, आसपासच्या गरीब कुटुंबांशी बोलून त्यांच्या घराचे आराखडे करायचे आणि मग ते घर स्वतःच्या हातांनी उभे करायचे, अशी ही शिकवण्याची रीत. आजवर या स्टुडिओने दोनशेहून अधिक प्रकल्प बांधले आणि हजारावर विद्यार्थी तिथून शिकून बाहेर पडले. टाकाऊ वस्तूंतून उभ्या राहिलेल्या तिथल्या देखण्या इमारतींची छायाचित्रे जगभरच्या मासिकांनी छापली. माझ्या मते, त्या छायाचित्रांनीच या कामातला मोलाचा भाग झाकून टाकला. सामाजिक बांधिलकी मानणारे डिझाइन जोखायचे असेल, तर ते शिकवणारी शाळा त्याच माणसांत किती वर्षे टिकली आणि आपले जुने काम डोळ्यांसमोर जुने होताना पाहून तिने स्वतःला विचारलेला प्रश्न किती वेळा बदलला, हे पाहावे लागते. रूरल स्टुडिओचा इतिहास वाचायचा तो असा.

हे काम कुठे झाले, ते आधी समजून घेतले पाहिजे. न्यूबर्न ज्या हेल काउंटीत येते, तो भाग काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मोडतो. गुलामांच्या श्रमावर इथे कापूस पिकला. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण जमीन मालकांकडेच राहिली आणि कसणारे अर्धेलीच्या कर्जात अडकले. पुढे कापूसही गेला. गुरांचे कळप आले, मग माशांची तळी. लोकवस्तीतले निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय. या काउंटीला बाहेरच्यांच्या नजरेची सवय जुनीच. १९३६च्या उन्हाळ्यात लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स इथे आले, तीन गोऱ्या कूळ-कुटुंबांत राहिले आणि १९४१ साली त्यांचे पुस्तक निघाले. अमेरिकन साहित्यात त्या पुस्तकाला मानाचे स्थान मिळाले. त्या कुटुंबांच्या गळक्या छपरांत मात्र त्यामुळे फरक पडला नाही, आणि तो पडावा अशी साहित्याकडून अपेक्षाही धरता येत नाही. डिझाइनकडून मात्र ती धरावीच लागते.

मॉकबी मूळचे शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनचे, जन्म १९४४चा. पाच पिढ्या त्याच मातीत वाढलेले गोरे घराणे, हातात रंग आणि कुंचला, सधन लोकांसाठी घरे आखण्यात नाव झालेले. आपल्या घराण्याला जे मिळाले ते कोणाच्या जिवावर, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. १९८२च्या सुमारास एका कॅथॉलिक जोगिणीला मोडकळीस आलेली घरे हलवून दुरुस्त करण्यात त्यांनी मदत केली. त्यातूनच पुढे दान आलेल्या आणि जुन्या सामानातून सात हजार डॉलरमध्ये एक नवे घर उभे राहिले. इतक्या पैशांत घर होते, हे तिथे सिद्ध झाले. त्यांना महत्त्वाचे वाटत होते ते दुसरेच: गरिबाचे घर नुसते निवाऱ्यापुरते असता कामा नये, ते सुंदर असले पाहिजे. हा आग्रह अनेकांना चैनीचा वाटला. मला तो सगळ्या कामाचा पाया वाटतो, कारण स्वस्त घर कुरूपच असणार असे आधीच ठरवून टाकणे म्हणजे त्यात राहणाऱ्याची पायरी ठरवून टाकणे होय.

१९९४ साली मेसन्स बेंड या वस्तीत नातवंडे सांभाळणाऱ्या एका वृद्ध जोडप्यासाठी पहिले घर पूर्ण झाले. त्याच्या भिंती गवताच्या गठ्ठ्यांच्या, वरून गिलावा दिलेल्या. जाड भिंतीमुळे उन्हाळा-हिवाळा दोन्ही सुसह्य. पुढे ऐसपैस ओसरी, कारण त्या हवेत माणसांचा निम्मा दिवस ओसरीवरच जातो. मागे मुलांसाठी अर्धगोल छताचे तीन लहान कप्पे. १९९७ साली फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन उतरत्या छपरांचे घर झाले. ते छप्पर पावसाचे पाणी टाकीत उतरवते. २००० साली त्याच वस्तीसाठी एक सामाईक मंडप बांधला गेला. भिंती धुमसलेल्या मातीच्या आणि छपराला काचांचे खवले: एका विद्यार्थ्याने शिकागोच्या भंगारबाजारातून शेवरोले मोटारींच्या ८० काचा १२० डॉलरला आणल्या होत्या. २००२च्या घरात गालिचाचे ७२,००० तुकडे एकावर एक रचून भिंती झाल्या आणि खाली वादळात आसरा घेण्यासाठी खोली. मॉकबींना २००० साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. ३० डिसेंबर २००१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने ते गेले, वय ५७. अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे सुवर्णपदक २००४ साली त्यांना मरणोत्तर मिळाले.

आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो गंभीर आहे. गालिचाची भिंत वीस वर्षे टिकेल का, हे कोणालाच ठाऊक नसताना ती गरीब माणसाच्याच घराला का लावायची? सधन गिऱ्हाईक असा प्रयोग स्वतःवर करू देईल का? शिकणारे बहुतेक गोरे, राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय. नाही म्हणण्याची मुभा दोन्ही बाजूंना सारखी कुठे होती? हा वाद रूरल स्टुडिओच्याही आधीचा. व्हिएन्नात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे व्हिक्टर पापानेक यांनी १९७१च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात डिझाइनच्या पेशाला गरजूंकडे पाठ फिरवल्याबद्दल झोडपले होते. रिकाम्या डब्यातून, मेणाच्या उष्णतेवर चालणारा, नऊ सेंटचा त्यांचा रेडिओ त्या विचाराचे प्रतीक ठरला. त्यावर उल्मच्या डिझाइन शाळेत शिकवलेले आणि पुढे लॅटिन अमेरिकेत काम करणारे गी बोन्सीपे यांनी कडाडून टीका केली: श्रीमंत देशातल्या माणसाने दुसऱ्यांची गरज ठरवायची आणि त्यावर वस्तू सुचवायची, हा वसाहतवादाचाच नवा अवतार आहे. बोन्सीपेंच्या म्हणण्यात मला बरेच तथ्य दिसते. वस्तू देऊन निघून जाणाऱ्याला ती वस्तू पुढे काय करते हे कळायला मार्गच नसतो.

हेल काउंटीतच याचा पडताळा मिळतो. ग्राफिक डिझाइनर जॉन बीलेनबर्ग यांच्या ‘प्रोजेक्ट एम’ या उपक्रमातले तरुण २००७ साली इथे आले. कित्येक घरांना सार्वजनिक नळाचे पाणी नव्हते, कारण मीटरचे ४२५ डॉलर त्यांच्याकडे नव्हते. या तरुणांनी एक ठसठशीत पत्रक काढून देणग्या जमवल्या आणि घरांना मीटर बसले. काम चोख झाले. ते नाकारण्याचे कारण नाही. २००९ साली याच मंडळींनी ग्रीन्सबरो गावात ‘पाय’ हा भट्टीत भाजलेला अमेरिकन पदार्थ विकणारे, काळ्या-गोऱ्यांना एका टेबलाशी बसवू पाहणारे दुकान उघडले. त्याचे देशभर कौतुक झाले, पण थोड्याच काळात मतभेद झाले, डिझाइनर पांगले आणि दुकान स्थानिक संस्थेकडे राहिले. हेतूत खोट नव्हती. गावाचे मन समजायला जितका काळ लागतो, तितका काळ थांबणे त्यांच्या योजनेतच नव्हते.

रूरल स्टुडिओ मात्र तिथे थांबला. त्यामुळे पुढे काय बदलले, ते तपशिलाने पाहण्याजोगे आहे. मॉकबींच्या हयातीतच तिथे शिकवायला आलेले यॉर्कशरचे अँड्र्यू फ्रीअर त्यांच्यानंतर संचालक झाले आणि न्यूबर्नमध्येच राहिले. आपण बांधलेले छप्पर गळले, तर त्या घरची माणसे बाजारात भेटणारच, अशी ही स्थिती. ‘आपल्यावर प्रयोग करून गेले’ या आक्षेपाला एवढेच खरे उत्तर मला दिसते: गेले नाहीत. दुसरा बदल, काम मागणारे बदलले. एकेका कुटुंबाच्या घराबरोबर गावांनी, नगरपालिकांनी, संस्थांनी मागितलेल्या इमारती येऊ लागल्या. न्यूबर्नचे अग्निशमन केंद्र २००४ साली झाले, ती गावातली ११० वर्षांतली पहिली नवी सार्वजनिक इमारत. त्यामागून नगरसभेची इमारत, जुन्या बँकेत वाचनालय. ग्रीन्सबरोत ज्या घरात १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेपासून लपवले होते, तिथल्या संग्रहालयाचे काम झाले. तिथल्याच लायन्स पार्कमध्ये तर एका तुकडीने मैदाने, दुसरीने स्वच्छतागृहे, आणखी एकीने सुमारे दोन हजार लोखंडी पिंपांतून मुलांचे खेळाचे आवार, असे काम वर्षानुवर्षे चालले. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पदवी हातात पडल्यावरही इमारत पुरी होईपर्यंत राहतात. एका सत्राच्या चौकटीत न मावणारे शिक्षण हे असे.

सर्वांत मोठे वळण २००५ साली आले. दरवर्षी एखाद-दुसरे अनोखे घर बांधून काउंटीतल्या घरांचा प्रश्न हलत नाही, हे दहा-बारा वर्षे तिथे राहिल्यावर लपवता येईना. मग प्रश्नच उलटा मांडला गेला: निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला सरकारच्या ग्रामीण गृहकर्ज योजनेतून फेडता येईल अशी घराची जास्तीत जास्त किंमत किती? महिन्याला शंभर डॉलरच्या आसपासचा हप्ता धरला, तर उत्तर आले वीस हजार डॉलर. त्यात साधारण बारा हजारांचे साहित्य आणि बाकीच्यात स्थानिक कंत्राटदाराची मजुरी आणि नफा. या घराला दान आलेल्या गालिचांची किंवा फुकट राबणाऱ्या विद्यार्थ्यांची गरज पडता कामा नये, अशी अट. तिथल्या गरिबांपुढचा दुसरा पर्याय म्हणजे कारखान्यात तयार होऊन चाकांवर येणारे घर, ज्याची किंमत जुन्या मोटारीसारखी दरवर्षी उतरत जाते. वीस हजारांच्या घराची किंमत टिकावी, ते वारशाने देता यावे, हा त्यामागचा हेतू. घरे लहान, जमिनीपासून उचललेली, उंच छताची, समोरासमोर खिडक्यांची आणि ओसरी न चुकता. विद्यार्थ्यांना इथे जे शिकावे लागले ते कोणत्याही डिझाइन शाळेत सर्वांत अवघड: आपली वेगळी छाप सोडून देणे. मागच्या तुकडीचा आराखडा घ्यायचा, दोन खांब वाचवायचे, पाया सुधारायचा आणि पुढच्या तुकडीच्या हाती द्यायचा. मासिकांना या घरांचे छायाचित्र घ्यावेसे फारसे वाटले नाही. मला मात्र गठ्ठ्यांच्या घरापेक्षा हे काम मोठे वाटते. मॉकबींच्या चाहत्यांपैकी काहींना यात सौंदर्याचा बळी गेल्यासारखे वाटते. पण ओसरीची खोली, छताची उंची, वारा कुठून शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, याचा हिशेब इतक्या तंग पैशांत बसवणे हीही सौंदर्याचीच साधना आहे.

तरीही प्रमाणाचा आक्षेप उरतो. लाखो कुटुंबांना घरे हवीत आणि एक शाळा वर्षाला काही घरे बांधते. हे काम सरकारचे, विद्यार्थ्यांच्या श्रमावर ते ढकलू नये. ते सरकारचे काम आहे, यात वाद नाही. पण सरकारची योजना नेमकी कुठे अडते हे कोणीतरी प्रत्यक्ष घर बांधून दाखवावे लागते, आणि स्टुडिओने ते दाखवले. वीस हजारांचे घर बांधता आल्यावर कळले, की इतक्या लहान कर्जावर बँकेला फायदाच उरत नाही, म्हणून ती ते देत नाही. बांधकामाचे नियम मोठी घरे डोळ्यांसमोर ठेवून केलेले, म्हणून लहान घराच्या हलक्या पायाला परवानगी मिळायला अडचण. लाकूड आणि मजुरी महाग होत गेली आणि मूळ आकडा मागे पडला तो वेगळाच. म्हणून पुढे ‘फ्रंट पोर्च’ नावाचा उपक्रम निघाला: आराखडे आणि तांत्रिक मदत दक्षिणेतल्या गृहनिर्माण संस्थांना द्यायची, घरे त्यांनी बांधायची. ऑबर्नजवळच्या ओपलायका गावात ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’बरोबर घरे झाली. त्यातून पुढे आलेला मुद्दा असा, की घराची किंमत पहिल्या दिवशीच्या आकड्यावर मोजू नये; वीजबिल, विमा, दुरुस्ती धरून महिन्याचा एकूण भार मोजावा. थोडे महाग पण चांगले बंदिस्त घर अखेर स्वस्त पडू शकते. कर्ज देणाऱ्यांचे गणित मात्र अजून पहिल्या आकड्याभोवतीच फिरते, आणि ते बदलायला भाग पाडणे हा आता डिझाइनचाच भाग झाला आहे.

याच मार्गाने स्टुडिओ सांडपाण्यापर्यंत पोहोचला. कापसाला मानवलेली ही माती चिकण आहे, तिच्याखाली खडूचा थर आहे. पाणी मुरत नाही. साधी सेप्टिक टाकी तुंबते, आणि या मातीत चालणारी यंत्रणा बसवायची तर खर्च कधी घराच्या किमतीला भिडतो. परिणामी या पट्ट्यात अनेक घरांचा मैला नळीने थेट मागच्या अंगणात जातो. २०१७ साली जवळच्या लाउंड्स काउंटीत आकडीकृमीची लागण आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन यांनी या भागाला भेट दिली. त्या प्रश्नावर राज्यातल्या इतर विद्यापीठांबरोबर रूरल स्टुडिओ उतरला आहे: न्यूबर्नमध्ये अनेक घरांचे सांडपाणी बारीक नळ्यांनी एकत्र आणून एका ठिकाणी शुद्ध करण्याची सामाईक योजना. मैलावाहिनीचा आराखडा हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचे काम आहे का, असे विचारणारे आहेत. त्यांना एवढेच सांगता येईल, की अलाबामात आरोग्य खात्याने मैल्याच्या व्यवस्थेला मंजुरी दिल्याशिवाय नवे घर नियमाने उभे राहत नाही, आणि न्यूबर्नच्या मातीत ती मंजुरी मिळवणे हा घराच्या आराखड्यातला सर्वांत महाग भाग ठरू शकतो.