कच्चें संगीत कोणास ऐकवावें ?

शिंपी कोट शिवावयास घेतो, तेव्हां प्रथम कच्चे टाके घालून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहतो. खांदा उतरता दिसला, बाही आंखूड वाटली, तर टाके उसवून दुरुस्ती करतां येते. पक्की शिलाई पडल्यावर तीच दुरुस्ती महाग पडते व कधीं कधीं अशक्यही होते. संगीतकाराच्या कामांत असाच कच्च्या टाक्यांचा एक टप्पा असतो. नवी रचना पूर्ण सिद्ध होण्यापूर्वीं ती साध्या साधनांनीं, बहुधा घरींच, मुद्रित करून जाणकार स्नेह्यांस ऐकविण्यांत येते. अशा मुद्रणास 'डेमो' म्हणतात. आज पुष्कळ विद्यार्थी गिटार किंवा की-बोर्ड वाजवितात व आपलें वादन मोबाइलमध्यें मुद्रितही करतात. परंतु तें कोणास, केव्हां व कशासाठीं ऐकवावें याचा विचार थोडेच करतात. त्याविषयीं कांहीं उपयुक्त माहिती देण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्ही 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हा पाश्चात्य संगीताचा प्रकार घेतों; कारण या प्रकारांत डेमो करणें अवघड, आणि म्हणूनच विशेष आवश्यक असतें. हा प्रकार १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत उदयास आला. साधें रॉक गाणें तीन-चार मिनिटांचें असतें. कडवें, ध्रुपद, पुन्हां कडवें अशी त्याची ठरीव घडण, आणि ठेका बहुतेक चार मात्रांचा. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड इत्यादि वादकसंघांनीं ही चौकट मोडली. त्यांच्या कित्येक रचना दहा-वीस मिनिटें चालतात. एकाच रचनेंत अनेक खंड येतात, विजेच्या गिटारीबरोबर युरोपांतील अभिजात संगीताची व जॅझची रीतिही मिसळते, आणि मात्रांची संख्या मध्येंच बदलते. पिंक फ्लॉइडचें १९७३ सालचें 'मनी' हें गाणें बहुतांशीं सात मात्रांवर चालतें. आपल्या रूपक तालाच्याही मात्रा सातच असल्यामुळें आपल्याकडील श्रोत्यास ही संख्या अगदींच परकी वाटणार नाहीं. परंतु चार मात्रांच्याच संवयीच्या कानास तेथें वादक ठेका चुकला कीं काय, असा संशय येतो.

नेमकी अडचण येथेंच आहे. ठेक्याला दिलेली मुरड रचनाकारानें मुद्दाम दिली आहे हें त्यास ठाऊक असतें. श्रोत्यास तें केवळ कानांनींच कळावयाचें असतें. ती मुरड मुरडच वाटते कीं चूक वाटते, याचा निवाडा रचनाकारास स्वतः करतां येत नाहीं. याचीं कारणें समजून घेण्यासारखीं आहेत. एक तर, जी सुरावट आपण शंभरदां ऐकली ती एकशेएकाव्या वेळीं आपण ऐकत नसून आठवीत असतों. फितींत जें उमटलें नाहीं तेंही मन भरून काढतें. दुसरें, बराच वेळ ऐकून कान थकतात, व थकलेल्या कानास तीव्र स्वरही मवाळ भासूं लागतात. तिसरें कारण गाणाऱ्याच्या बाबतींत स्पष्ट दिसतें. आपला आवाज आपणांस हवेंतून ऐकूं येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकूं येतो. म्हणून यंत्रांतून आलेला स्वतःचा आवाज प्रत्येकास प्रथम परका वाटतो. अर्थात् आपल्या कामाचें खरें रूप पाहण्यास दुसऱ्याच्या कानांचा आधार घ्यावाच लागतो.

असा आधार मिळाल्यानें काय घडूं शकतें, याचें एक सुप्रसिद्ध उदाहरण माइक ओल्डफील्ड या इंग्रज वादकाचें आहे. १९७१ सालीं हा जेमतेम अठरा वर्षांचा तरुण उत्तर लंडनमधील टॉटनहॅम भागांत राहत होता. केव्हिन एअर्स यांच्या वादकसंघांत तो बेस-गिटार वाजवीत असे. तो संघ मोडल्यावर एअर्स यांच्याकडून त्यास फितीवर ध्वनि मुद्रित करणारें एक यंत्र मिळालें. अशा यंत्रांत फीत प्रथम पुसणाऱ्या भागावरून जाते, व मागील ध्वनि पुसला गेल्यावर नवा उमटतो. ओल्डफील्डनें त्या पुसणाऱ्या भागावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीनें बसविला. जुना ध्वनि पुसेनासा झाला, आणि एकावर एक वाद्य चढवीत एकट्यानें अनेक वादकांचें काम करणें त्यास शक्य झालें. अर्थात् या युक्तीला मर्यादा होती. प्रत्येक नव्या थराबरोबर फितीची खरखर वाढे, व एकदां मिसळलेलें वाद्य पुन्हां वेगळें काढतां येत नसे. अशा रीतीनें त्यानें एका दीर्घ रचनेचा व कांहीं लहान रचनांचा कच्चा नमुना तयार केला.

ही फीत घेऊन त्यानें कित्येक कंपन्यांचे उंबरे झिजविले. परंतु शब्द नसलेलें इतकें लांब संगीत विकलें जाणार नाहीं, असें वाटून त्यांनीं तें नाकारलें. त्याच वर्षीं तो ऑक्सफर्डशर परगण्यांतील शिप्टन-ऑन-चेरवेल या खेड्यांत दुसऱ्या एका संघाचा साथीदार म्हणून गेला. तेथील जुन्या वाड्यांत 'दि मॅनर' नांवाची ध्वनिमुद्रणशाळा उभी राहत होती, आणि टॉम न्यूमन व सायमन हेवर्थ हे दोघे तरुण तंत्रज्ञ तिच्या उभारणींत गुंतले होते. स्वभावानें अत्यंत लाजाळू असूनही ओल्डफील्डनें आपली फीत त्यांस ऐकविली. त्यांस ती आवडली, आणि त्यांच्यामार्फत ती मालक रिचर्ड ब्रॅन्सन व त्यांचे सहकारी सायमन ड्रेपर यांच्या कानांवर गेली. पुढें सुमारें एक वर्षानें, १९७२ च्या नोव्हेंबरांत, त्यास तेथें मुद्रणासाठीं एक आठवडा देण्यांत आला. त्यांत पूर्वार्ध झाला. उत्तरार्ध १९७३ च्या आरंभींच्या महिन्यांत, मुद्रणशाळा मोकळी असेल तेव्हां तेव्हां, पुरा झाला. २५ मे १९७३ रोजीं ही रचना 'ट्युब्युलर बेल्स' या नांवानें व्हर्जिन रेकॉर्ड्स या नव्या कंपनीची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून बाहेर पडली, व १९७४ सालीं ब्रिटनमधील विक्रीच्या यादींत पहिल्या स्थानीं पोंचली. तिच्या आरंभींची सुरावट सात आणि आठ मिळून पंधरा मात्रांच्या आवर्तनाची आहे. तरीही ती लक्षावधि लोकांच्या तोंडीं बसली.

या हकीकतींत विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कंपन्यांनीं फितींत विकाऊ माल शोधला, व तो त्यांस दिसला नाहीं. न्यूमन व हेवर्थ हे स्वतः त्याच कारागिरीचे असल्यामुळें खरखरीच्या पलीकडे काय होऊं शकेल हें त्यांस ऐकूं आलें. कच्चें काम वाचण्यास कारागिराची दृष्टि लागते. म्हणून तें प्रथम अशाच माणसापुढें ठेवावें.

तथापि जाणकाराचा प्रत्येक शब्द प्रमाण मानावा, असें मात्र नव्हे. जेनेसिस या संघाचें उदाहरण याच्या दुसऱ्या बाजूचें आहे, आणि तें तर शाळेंतलेंच आहे. इंग्लंडांतील सरे परगण्यांत चार्टरहाउस नांवाची जुनी शाळा आहे. तेथील कांहीं मुलांनीं १९६७ सालीं एका मित्राच्या घरगुती मुद्रणशाळेंत आपलीं गाणीं फितीवर उतरविलीं. ती फीत एका स्नेह्याच्या हस्तें शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेली. तो संगीतव्यवसायांत नांवारूपास आलेला होता. त्यानें मुलांस उत्तेजन दिलें, मुद्रणाची सोय केली, आणि पवित्र शास्त्रांतील पहिल्या पुस्तकाचें, म्हणजे उत्पत्तीचें, इंग्रजी नांव संघास दिलें. १९६९ सालीं त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. परंतु तींत मुलांच्या वादनावर तंतुवाद्यांचा मोठा साज चढविण्यांत आला होता. तो त्यांस रुचला नाहीं, व ती मुद्रिका खपलीही फार थोडी. तिच्या नांवावरून कांहीं दुकानदारांनीं ती धार्मिक संगीतांत मांडली असें सांगतात ! त्यानंतर या तरुणांनीं एका खेड्यांतील घरांत कित्येक महिने एकत्र राहून स्वतःच्या मनाजोगत्या दीर्घ रचनांचा अभ्यास केला, आणि १९७० च्या 'ट्रेसपास' या मुद्रिकेपासून त्यांची खरी वाट सुरू झाली. पहिल्या श्रोत्यानें दिलेलें उत्तेजन अमोल होतें. त्याची आवड मात्र त्यांची आवड नव्हती. उत्तेजनाबद्दल कृतज्ञ राहून वाट आपली आपण निवडावी, हा विवेक त्या मुलांपाशीं होता.

आतां आजच्या साधनांविषयीं. पुठ्ठ्याच्या तुकड्याची गरज राहिलेली नाहीं. साधा संगणक, एक मायक्रोफोन व त्यांस जोडणारी एक लहान पेटी एवढ्यावर पन्नास वाद्यें वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित करतां येतात, व कोणतेंही हवें तेव्हां काढून टाकतां येतें. तरीही कांहीं पथ्यें पाळावींत. रिकाम्या खोलींत ध्वनि भिंतींवर आपटून घुमतो. म्हणून गाद्या, रजया, कपड्यांचें कपाट असलेली खोली पसंत करावी. मुद्रणाच्या वेळीं पंखा बंद ठेवावा, व स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत धीर धरावा. गाणाऱ्यानें मायक्रोफोन तोंडापासून सुमारें एक वीत दूर ठेवावा. ध्वनीची पातळी मर्यादेच्या बरीच खालीं असूं द्यावी. हळू मुद्रित झालेला आवाज मागाहून वाढवितां येतो, परंतु मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पूर्ववत् होणें दुरापास्त. वाद्यें आधीं सुरांत लावावींत, आणि ठेका बदलणाऱ्या जागीं मोजणीचें यंत्र लावून सराव करावा. याहून अधिक साजशृंगार डेमोस नको. गाद्यांच्या खोलींत केलेलें मुद्रण राजवाड्यांत केल्यासारखें भासावें अशी अपेक्षा कोणताही शहाणा श्रोता करीत नाहीं. रचना स्पष्ट ऐकूं आली म्हणजे झालें.

नंतर दोन-तीन दिवस तें ऐकूं नये, आणि मग स्नेह्यांकडे द्यावें. श्रोते तीन-चार पुरेत. पण ते निरनिराळ्या प्रकारचे असावेत. एक आपलेंच वाद्य वाजविणारा, एक दुसरें वाद्य वाजविणारा, आणि एक या संगीताशीं अपरिचित, असे असल्यास उत्तम. ऐकण्यापूर्वीं त्यांस लांबलचक स्पष्टीकरण देऊं नये. जें सांगावें लागतें तें संगीतांत आलेलें नाहीं असें समजावें. "कसें वाटलें ?" या प्रश्नास "छान" एवढेंच उत्तर मिळतें, व त्याचा उपयोग कांहीं नाहीं. त्याऐवजीं, "तुमचें लक्ष कोठें उडालें ? ठेका कोणत्या जागीं डळमळला ? सातांतून चारांत येतांना धक्का बसला काय ?" असें विचारावें, व त्या जागेचें मिनिट व सेकंद लिहून घ्यावें. श्रोता बोलत असतां वाद घालूं नये. एकानें दाखविलेल्या दोषाची नोंद ठेवावी. तिघांनीं एकाच जागीं बोट ठेविलें तर ती जागा अवश्य तपासावी. मात्र तिघांनीं तीन उपाय सुचविले असतील, तर उपाय आपला आपण शोधावा. दुखतें कोठें हें श्रोता बरोबर सांगतो. औषध ठरविणें रचनाकाराकडे आहे.

अभिप्राय देणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. मित्रानें आपलें अपुरें काम आपल्या हातीं दिलें, यांत त्यानें मोठा विश्वास टाकलेला असतो. तें निदान दोनदां लक्षपूर्वक ऐकावें. त्याच्या संमतीवांचून तिसऱ्यास देऊं नये. आणि त्याची थट्टा तर कदापि करूं नये. प्रथम जें खरोखर साधलें असेल तें सांगावें, मग जें साधलें नाहीं तें जागा दाखवून सांगावें. मन राखण्यासाठीं केलेली खोटी स्तुति ही मैत्री नव्हे, कारण तीमुळें मित्र सुधारण्याची वेळ गमावतो. उलट "हें तुझें काम नव्हे" असें एक वाक्य कोंवळ्या वयांत मुलाचें वाद्य कायमचें भिंतीला टांगावयास लावूं शकतें.

पालकांसही आमची एक विनंति आहे. बंद दाराआडून तेच चार स्वर तासन्‌तास ऐकूं येतात, तेव्हां कंटाळा येणें स्वाभाविक आहे, आणि अभ्यासाची काळजीही रास्त आहे. अभ्यासाच्या वेळा अवश्य ठरवून द्याव्या. परंतु एकदां त्या खोलींत जाऊन, शेवटपर्यंत बसून, मुलानें काय केलें आहे तें ऐकावें. तें संगीत समजलें नाहीं तरी चालेल. "मला समजलें नाहीं, पण मधला संथ भाग आवडला" एवढें खरें वाक्य मुलास पुष्कळ बळ देतें.

शुभवर्तमानांत धन्यानें दिलेलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचलेला आहे. अपुरें आहे, लोक हंसतील, या भीतीनें पेटींत किंवा यंत्रांत पडून राहिलेलें संगीत त्याच द्रव्यासारखें होय. ज्यांच्यापाशीं अशी एखादी रचना असेल त्यांनीं येत्या सुटींत ती मुद्रित करावी, आणि खरें बोलणारे दोन-तीन मित्र निवडून, प्रश्न लिहून, ती त्यांच्या हातीं द्यावी. टाके अजून कच्चे आहेत, तोंवरच त्यांचें म्हणणें उपयोगी पडेल.